डिझेल ट्रकच्या इंजिनात कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा: उंची मोजून, शिम लावून बसवण्याची पद्धत

सेट आणला, जुन्या स्प्रिंगा काढल्या, नव्या बसवल्या आणि ‘प्रेशर जरा जास्तच असू दे’ म्हणून प्रत्येकीखाली एकेक शिम (स्प्रिंगखाली ठेवायची पातळ चकती) सरकवली. कडक स्प्रिंगा टाकल्यावर पुशरॉड वाकला किंवा कॅम खाल्ला गेला, की शोध बहुधा इथेच येऊन थांबतो.

शिम उंची जुळवण्यासाठी असते, प्रेशर वाढवण्यासाठी नव्हे. अमुक उंचीवर अमुक किलो प्रेशर, असे स्प्रिंगच्या कागदावर लिहिलेले असते. ती उंची प्रत्येक व्हॉल्व्हवर मिळवून देणे एवढेच शिमचे काम. म्हणून आधी मोजायचे, मग शिम निवडायची, आणि हे प्रत्येक व्हॉल्व्हसाठी वेगळे करायचे.

ही पद्धत पुशरॉड आणि रॉकर असलेल्या इंजिनाची आहे, हेड गाडीवरच ठेवून काम करायचे धरून. हेड उतरवून टेबलावर घेतले असेल तर टीडीसीचा, म्हणजे पिस्टन सर्वांत वर आणण्याचा, भाग सोडा, बाकी सगळे तसेच लागू पडते.

## १. किती कडक स्प्रिंग हवी ते आधी ठरवा

व्हॉल्व्हच्या पाठीवर किती जोर येतो ते काढून बघा. एक्झॉस्ट ब्रेक लागला की मॅनिफोल्डमधला दाब बंद एक्झॉस्ट व्हॉल्व्हला मागून ढकलतो. व्हॉल्व्हचे डोके ४२ मिमी आणि स्टेम (दांडी) ८ मिमी असेल, तर डोक्याच्या क्षेत्रफळातून स्टेमचे वजा जाता सुमारे १,३३५ चौरस मिमी उरतात. ४ बार दाबाला त्यावर साधारण ५४ किलो जोर येतो. सिलिंडरमध्ये सक्शन चालू असताना याला आतून फारसा विरोध नसतो. मग ३०-३५ किलो सीट प्रेशरची (व्हॉल्व्ह बंद असतानाचा स्प्रिंगचा जोर) मूळ स्प्रिंग हरते. व्हॉल्व्ह सीटवरून उचलला जातो आणि पुन्हा आपटतो.

इनटेकच्या बाजूला हेच काम टर्बोचा बूस्ट करतो. चार व्हॉल्व्हच्या हेडमध्ये प्रत्येक व्हॉल्व्ह लहान असल्याने जोर कमी येतो, म्हणून दोन व्हॉल्व्हच्या इंजिनाचा आकडा तिथे उचलून लावू नका.

गरजेपेक्षा फार कडक स्प्रिंग घेतली तर तो भार कॅम, टॅपेट, पुशरॉड आणि रॉकरवर प्रत्येक फेऱ्याला पडतो. सपाट तळाच्या टॅपेटला हे सर्वांत जड जाते. प्रेशर बरेच वाढवायचे असेल तर जाड भिंतीचे पुशरॉडही त्याच वेळी घ्या.

## २. सामान आणि मोजमापाची साधने

सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्हच्या इंजिनाला १२ स्प्रिंगा, १२ रिटेनर (स्प्रिंगच्या माथ्यावरची टोपी), लॉकचे २४ अर्धे तुकडे (रिटेनरला स्टेमच्या खाचेवर धरून ठेवणारे) आणि १२ स्टेम सील लागतात. चोवीस व्हॉल्व्ह असतील तर सगळे दुप्पट. लॉकच्या दोन-तीन जोड्या जास्तीच्या ठेवा, कारण हरवतात ते लॉकच.

शिम कडक केलेल्या स्टीलच्या घ्या. जाडी साधारण ०.४०, ०.७५ आणि १.५० मिमीची मिळते. शिमचे आतले भोक गाइडभोवती (स्टेम सरकते ती नळी) सैल डुगडुगता कामा नये आणि बाहेरचा व्यास स्प्रिंगच्या खळग्यात सपाट बसला पाहिजे. कडेवर चढलेली शिम तिरकी राहते, स्प्रिंगही तिरकी होते आणि गाइड एका अंगाने झिजतो.

याशिवाय स्टँडसह डायल गेज, व्हर्निअर, मायक्रोमीटर, फिलर गेज, टॉर्क रेंच, फ्लायव्हीलवरून इंजिन हाताने फिरवायचे हत्यार, रॉकरच्या जागी बोल्टने बसणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर, आणि बोटाने दाबता येईल अशी एक हलकी स्प्रिंग लागेल. हाइट मायक्रोमीटर असेल तर उंचीचे काम निम्म्या वेळात होते.

## ३. नव्या स्प्रिंगा टेबलावर तपासा

नवी आहे म्हणजे बरोबर आहे, असे धरू नका. सगळ्या स्प्रिंगा सपाट काचेवर उभ्या ठेवल्या की एखादी झुकलेली किंवा आखूड लगेच दिसते. स्प्रिंग टेस्टरवर प्रत्येकीचे प्रेशर दोनदा घ्या, एकदा बसवायच्या उंचीला आणि एकदा व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरच्या उंचीला. सेटमध्ये ५ टक्क्यांहून जास्त फरक असलेली स्प्रिंग बाजूला काढा. पूर्ण दाबून, वेढे एकमेकांना टेकल्यावर किती उंची उरते तेही एका स्प्रिंगवर मोजून लिहा. हा आकडा पुढे लागणार आहे.

वेढे एका टोकाला जवळजवळ असतील तर ते टोक हेडकडे जाते. सेट पसरून ठेवतानाच सगळ्यांची टोके एका दिशेला करा.

सावधान: स्प्रिंगला पक्कड, व्हाइसचे दात किंवा स्क्रूड्रायव्हरचे टोक लावू नका. नंबर कोरूनही टाकू नका. वेढ्यावर पडलेला बारीक ओरखडा हीच पुढे तुटण्याची जागा ठरते. खूण करायची तर रंगाचा ठिपका पुरे.

## ४. इंजिन उघडण्याआधी आणि उघडताना

बॅटरीची तार काढा. इथून शेवटपर्यंत इंजिन फक्त हाताने फिरवायचे. स्प्रिंग नसताना कुणी स्टार्टर मारला, तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडेल आणि हेड उतरवावे लागेल.

टॅपेट कव्हर उघडण्याआधी वरचा भाग धुऊन, हवेने फुंकून घ्या.

रॉकर सोडण्याची घाई करू नका. टॅपेट गॅप (रॉकरखालची ठरावीक फट) नीट सेट केलेला असताना रिटेनरवर डायल गेज लावा, इंजिन हळूहळू फिरवा आणि एका इनटेकची, एका एक्झॉस्टची उघड (व्हॉल्व्ह पूर्ण उघडताना किती मिमी खाली जातो ते) मोजून लिहा. कॅम न बदलता फक्त स्प्रिंगा बदलत असलात तरी हे मोजा. पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर उभा राहतो, आणि रॉकर सुटल्यावर तो मिळत नाही.

मग टॅपेटचे स्क्रू पूर्ण ढिले करा, रॉकर काढा, पुशरॉड आधी जागच्या जागी थोडे फिरवून मग वर घ्या. फिरवल्याने तेलाची पकड सुटते आणि टॅपेट ओढले जात नाही. रॉकर, पुशरॉड आणि चार व्हॉल्व्हच्या हेडमधले ब्रिज (एका रॉकरने दोन व्हॉल्व्ह दाबायचे तुकडे) नंबर घालून ठेवा, जिथले तिथेच परत गेले पाहिजेत. ब्रिजची कुठली बाजू कुठे होती, त्याचीही खूण करा.

सगळे पुशरॉड बाहेर आले की सर्व व्हॉल्व्ह बंद राहतात, म्हणून एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर जाताना क्रँक फिरवणे सुरक्षित होते.

पुशरॉडची भोके आणि तेल उतरायच्या वाटा कापडाने बुजवा. किती तुकडे घातले ते मोजून लिहा. शेवटी तेवढेच निघाले पाहिजेत.

## ५. पिस्टन टीडीसीवर आणा

डिझेलमध्ये व्हॉल्व्ह उभे असतात आणि टीडीसीला पिस्टन हेडच्या अगदी जवळ येतो. त्यामुळे सैल झालेला व्हॉल्व्ह काही मिलिमीटर उतरून पिस्टनवर टेकतो, आत पडत नाही.

१-५-३-६-२-४ फायरिंगच्या सहा सिलिंडर इंजिनात १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४ हे पिस्टन जोडीने वर येतात. १२०-१२० अंशांच्या अंतराने तीन ठिकाणी थांबले की सहाही सिलिंडर होतात. चार सिलिंडरमध्ये जोड्या १-४ आणि २-३.

पुलीवरच्या खुणेवर विसंबू नका, त्या सरकलेल्या असू शकतात. खुणेने जवळ यायचे आणि खात्री डायल गेजने करायची. पहिल्या व्हॉल्व्हची स्प्रिंग कॉम्प्रेसरने थोडीशी दाबा. व्हॉल्व्ह दोन-चार मिमी खाली जाऊन पिस्टनवर ‘टक’ असा थांबला पाहिजे. तो टेकलेला असताना स्टेमच्या टोकावर डायल गेज लावून क्रँक किंचित पुढे-मागे हलवा. काटा जिथे वर जाऊन परत फिरतो ते टीडीसी. हे हलवणे एक-दोन अंशांपुरतेच ठेवा, व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेत असतो.

तपासा: व्हॉल्व्ह टेकलाच नाही आणि खाली जातच राहिला, तर तुम्ही चुकीच्या सिलिंडरवर आहात. लॉक अजून काढलेले नाहीत, थांबा आणि पुन्हा मोजा.

कोंडलेली हवा क्रँकला मागे ढकलते, म्हणून टीडीसीवर आल्यावर सिसकारा थांबेपर्यंत काही मिनिटे जाऊ द्या. काही जण व्हॉल्व्ह वर राहावा म्हणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरतात. इथे तिची गरज नाही आणि ती धोक्याची आहे. १०२ मिमी बोअरच्या पिस्टनवर ६ बार हवा म्हणजे सुमारे ५०० किलोचा रेटा होतो. टीडीसी दोन अंश चुकला असेल तर क्रँक झटक्याने फिरतो, आणि फ्लायव्हीलवर हत्यार अडकलेले असेल तर तेही.

## ६. जुनी स्प्रिंग काढणे

एका वेळी एकच व्हॉल्व्ह घ्या. रिटेनरवर स्टेमला न लागणारा सॉकेट ठेवून हातोडीने हलकी टिचकी मारा, धरून बसलेले लॉक सुटतात. हे न करता कॉम्प्रेसर ताणत राहिलात तर रिटेनर एकदम सुटतो आणि लॉक उडतात. डोळ्यांवर चष्मा हवाच.

लॉक दिसण्याइतकेच दाबा, चुंबकाने उचला. लॉक निघाल्याबरोबर स्टेमच्या खाचेत एक रबरी रिंग अडकवा. खाली पिस्टनचा आधार असला तरी हात लागून व्हॉल्व्ह फिरला-हलला तर ती आधार देते.

व्हॉल्व्ह वर-खाली आणि आडवा हलवून बघा. आडवा खेळ जाणवण्याइतका असेल तर गाइड गेलेला आहे. त्यावर कडक स्प्रिंग टाकून उपयोग नाही, हेड उतरवणेच भाग आहे.

## ७. बैठक आणि सील

स्प्रिंगची बैठक चिंधीने कोरडी पुसा आणि कडेला साचलेला कार्बन प्लास्टिकच्या पट्टीने काढा. तिथे राहिलेला कण मोजमापही चुकवतो आणि शिमही वाकवतो. जुन्या शिम किंवा वॉशर हेडला चिकटून हेडचाच भाग वाटतात, नख लावून खात्री करा.

नवे सील पुढच्या टप्प्यात उंची मोजल्यानंतरच घाला. अपवाद एकच: ज्या इंजिनात सीलच्या खालच्या पत्र्याच्या थाळीवर स्प्रिंग बसते, तिथे सील मोजण्याआधी जागेवर हवे, कारण ती थाळीच बैठक आहे. अशा ठिकाणी शिम थाळीच्या खाली जाते आणि सील तेवढेच वर उचलले जाते. ते गाइडवर पुरेसे धरते आहे ना, हे बघा.

स्टेमच्या खाचेच्या धारा सीलची ओठाळी कापतात. टोकावर प्लास्टिकची टोपी किंवा टेपचा एक वेढा लावा, तेल लावा आणि मगच सील खाली ढकला.

## ८. बसवायची उंची मोजणे

मोजताना नवाच रिटेनर आणि नवेच लॉक वापरा. लॉकची घडण बदलली की रिटेनर वर किंवा खाली बसतो. जुन्या रिटेनरवर घेतलेली उंची नव्या सेटला लागू पडत नाही.

हलकी स्प्रिंग, रिटेनर, लॉक असे बसवा. हलकी स्प्रिंग व्हॉल्व्हला वर ओढून सीटवर टेकवून धरते. रिटेनर बोटांनी आणखी वर खेचा, फिरवा, आणि बैठकीपासून रिटेनरच्या स्प्रिंग टेकते त्या कडेपर्यंतचे अंतर व्हर्निअरने दोन बाजूंनी घ्या. दोन्ही आकड्यांत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर लॉक नीट बसलेले नाहीत, किंवा खाली घाण आहे. हाइट मायक्रोमीटर असेल तर तो स्प्रिंगच्या जागी ठेवून उलगडत न्या, व्हॉल्व्ह सीटला घट्ट लागला की वाचा.

याच वेळी आणखी एक अंतर घ्या: रिटेनरचा सर्वांत खालचा भाग ते सीलचा माथा. सील अजून घातले नसेल तर गाइडच्या टोकापर्यंत मोजून सीलची वाढीव उंची वजा करा. त्यातून चौथ्या टप्प्यातली उघड वजा केली की किमान १.५ मिमी उरले पाहिजेत. पिस्टन टीडीसीवर असल्याने व्हॉल्व्ह पूर्ण दाबून हे बघता येत नाही, म्हणून वजाबाकीच करावी लागते.

कागदावर प्रत्येक व्हॉल्व्हची एक ओळ ठेवा. डोक्यात ठेवून काम केले की सातव्या व्हॉल्व्हपाशी गोंधळ ठरलेला.

## ९. शिमचा हिशेब

मोजलेली उंची वजा हवी असलेली उंची, एवढी शिमची जाडी.

समजा स्प्रिंग ४०.० मिमीला ४५ किलो देते, दर मिमीला ४ किलो वाढते, आणि वेढे टेकल्यावर २६.५ मिमी उरते. व्हॉल्व्हची उघड ११.० मिमी आहे.

एका व्हॉल्व्हवर ४१.१५ आले. १.१५ मिमी भरायचे आहेत, ०.७५ आणि ०.४० मिळून नेमके तेवढेच. दुसऱ्यावर ४०.६२ आले. ०.४० टाकली तर ४०.२२ राहते, ०.७५ टाकली तर ३९.८७. दुसरी उंची ४०.० ला जास्त जवळ, तीच घ्या. दोन्ही बाजूंना ०.२५ मिमीपर्यंत फरक चालतो, आणि या स्प्रिंगला तो फक्त एक किलोचा होतो. तिसऱ्यावर ३९.८२ आले, तर शिम नको. ‘सगळ्यांना एकेक’ असा नियम नाही.

आता उघड्या अवस्थेचे बघा. ४०.० मधून ११.० गेले, २९.० राहिले. वेढे २६.५ ला टेकतात, म्हणजे २.५ मिमी मोकळे. किमान १.५ हवेत, हे ठीक आहे. याच ठिकाणी कुणी ‘जरा जास्तच’ म्हणून १.५ मिमी शिम वाढवली तर सीट प्रेशर जेमतेम ६ किलो वाढते, पण मोकळी जागा १.० मिमीवर येते. वेगात स्प्रिंग नुसती दबत नाही, तिच्यात लाटाही फिरतात. तेवढ्याने वेढे आपटू लागतात, आणि वेढे टेकले की रॉकरपुढे लवचिक काही उरत नाही. मग पुशरॉड वाकतो, रॉकरचा स्टड सुटतो किंवा कॅमचे नाक खाल्ले जाते.

सीट घासलेले हेड असेल तर व्हॉल्व्ह आत बसलेला असतो, स्टेम वर येते आणि उंची वाढते. अशा हेडमध्ये एकाच सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्हनाही वेगळी जाडी लागू शकते.

उंची मुळातच ०.२५ मिमीहून जास्त कमी भरली तर शिमने काही होत नाही. रिटेनर उंच धरणारे लॉक घ्या किंवा बैठक मशीनवर खोल करून घ्या. रिटेनर घासू नका, तो पातळ होऊन तुटतो.

शिमची छापील जाडी खरी मानू नका, प्रत्येक मायक्रोमीटरने मोजा. तीन पातळ शिम रचण्यापेक्षा एक-दोन जाड बऱ्या. एका बाजूला दाते असलेली शिम दात्यांची बाजू हेडकडे करून ठेवा. हेड ॲल्युमिनियमचे असेल तर स्प्रिंग थेट हेडवर टेकू देऊ नका, खाली स्टीलची बैठक हवीच.

## १०. बसवणे

शिम, लागू असेल तर थाळी, सील, स्प्रिंग, रिटेनर हा क्रम. स्प्रिंग आधी इंजिन ऑइलमध्ये बुडवून घ्या. कॉम्प्रेसरने गरजेपुरतेच दाबा. जोरात दाबलेला रिटेनर सीलवर आपटतो आणि नवे सील तिथेच संपते.

लॉकच्या आतल्या बाजूला ग्रीसचा ठिपका लावा आणि दोन्ही अर्धे खाचेत चिकटवा. कॉम्प्रेसर सोडण्याआधी वाकून बघा. दोन्ही अर्ध्यांचे माथे एकाच पातळीत आणि त्यांच्यामधल्या दोन फटी सारख्या दिसल्या पाहिजेत. एक फट रुंद आणि दुसरी बंद असेल तर एक अर्धा खाचेच्या कडेवर चढलेला आहे. एकापेक्षा जास्त खाचांच्या स्टेमवर तर लॉक एक खाच वर बसलेला सहज नजरेतून सुटतो.

हळू सोडा. मग स्टेमच्या टोकावर प्लास्टिकच्या हातोडीने दोन हलक्या टिचक्या मारा. न बसलेले लॉक उडायचे असतील तर इथे उडू देत, चालत्या इंजिनात नको. पिस्टन अजून टीडीसीवर आहे, म्हणून टिचकी हलकीच.

तपासा: क्रँक पुढच्या जोडीवर नेण्याआधी या जोडीच्या प्रत्येक व्हॉल्व्हला स्प्रिंग, रिटेनर आणि दोन लॉक आहेत, हे बोट लावून मोजा.

## ११. रॉकर आणि हाताने दोन फेरे

सर्व कापडे काढा आणि मोजा. पुशरॉड टॅपेटच्या वाटीत बसला की नाही, हे तो किंचित फिरवून कळते. टॅपेटचे स्क्रू पूर्ण मागे घेतलेले ठेवूनच रॉकर इंजिनाच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. मग टॅपेट गॅप सेट करा. कमिन्सच्या जुन्या १२ व्हॉल्व्हच्या ५.९ लिटर इंजिनात तो थंड असताना इनटेकला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.५१ मिमी असतो, इतरांत इंजिनावरच्या पट्टीवर दिलेला घ्या.

क्रँकचे दोन पूर्ण फेरे हाताने द्या. प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना वेढ्यांमध्ये फिलर गेज घालून मोकळ्या जागांची बेरीज करा. कागदावर २.५ मिमी निघाले असतील तर इथेही जवळपास तेवढेच आले पाहिजेत. कमी आले तर उघड चुकीची मोजली गेली आहे किंवा शिम जास्त पडली आहे. हात कुठेही अडला तर जोर लावू नका.

## १२. पहिली सुरुवात आणि नंतरची लक्षणे

इंजिन सुरू करून मध्यम वेगात, लोड न देता नेहमीच्या तापमानाला येऊ द्या, मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. नव्या स्प्रिंगांना हे एक गरम-थंड चक्र मिळाल्यावरच लोड द्या. ५०० ते १,००० किलोमीटरांनी कव्हर उघडून टॅपेट पुन्हा बघा.

सुरू करताना निळा धूर येऊन लगेच जात असेल तर एखादे सील कापले गेले आहे. एकच सिलिंडर मिस मारत असेल तर त्याचा टॅपेट गॅप आधी बघा, घट्ट टॅपेटमुळे व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. एखाद्या व्हॉल्व्हचा गॅप पुन्हा पुन्हा वाढत असेल तर कॅम किंवा टॅपेट झिजतो आहे. तेल बदलताना फिल्टर कापून धातूचा चुरा आहे का बघा, आणि त्या व्हॉल्व्हची शिमची ओळ कागदावर पुन्हा तपासा. एखाद्या व्हॉल्व्हचा गॅप कमी कमी होत असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत आहे. त्याची उंची वाढलेली असणार, म्हणजे प्रेशर उतरलेले असणार. तिथे शिम वाढवून वेळ मारून नेऊ नका, सीट बघायला हेड उतरवा.